खाट नंबर चौदा आणि माझा शोधनिबंध

सव्वीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या समाजसेवा विभागात काम केल्यावर एके दिवशी मला पत्र आलं, की माझा व्यावसायिक विकास अपुरा आहे.

शारीरिक विकासाबद्दल कुणी असं म्हणू शकणार नाही, असं नवरा म्हणाला. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पत्र आमच्या परिषदेचं होतं. आम्हा समाजकार्यकर्त्यांची नोंदणी ही परिषद ठेवते आणि दर पाच वर्षांनी ती नव्याने करून देते. त्यासाठी पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागतात. माझे एकोणीस झाले होते. उरलेले अकरा आठ महिन्यांत मिळाले नाहीत तर नोंदणी संपणार, आणि ती संपली की रुग्णाच्या कुठल्याही कागदावर माझी सही चालणार नाही. म्हणजे मी रोज ऑफिसात यायचं, पंख्याखाली बसायचं, चहा प्यायचा, पण कुणाच्याही उपयोगी पडायचं नाही. तशी माणसं आमच्याकडे आहेत, नाही असं नाही. पण त्यांना त्यासाठी वरच्या मजल्यावर केबिन दिलेली आहे.

गुण मिळवायचे मला ठाऊक असलेले मार्ग दोन होते. एका कार्यशाळेला हजर राहिलं की एक गुण. एक शोधनिबंध छापून आला की बारा. माझे एकोणीसही कार्यशाळांचेच होते. शेवटची होती ताणतणावाच्या व्यवस्थापनावर. त्या दिवशी प्रोजेक्टर चालेना, माइक घोगरा झाला, आणि व्याख्याते इतके कासावीस झाले की आम्ही चौघींनी त्यांना व्हरांड्यात नेऊन बसवलं, पाणी दिलं, घरी कोण कोण असतं वगैरे विचारलं. अर्ध्या तासात त्यांना पुष्कळ बरं वाटलं. त्या गुणाबद्दल माझ्या मनाला कधी टोचणी लागली नाही. तो आम्ही कमावलेला होता.

पण आठ महिन्यांत अकरा कार्यशाळा होणारच नव्हत्या. नवऱ्याने जेवता जेवता निकाल दिला, "निबंध लिहून टाक. तू फोनवर जे बोलतेस ते नुसतं उतरवून काढलं तरी तीन निबंध होतील."

नवरा पाण्याचे मीटर दुरुस्त करण्याच्या खात्यात आहे. जगातली कुठलीही वस्तू उघडली, पुसली आणि पुन्हा बंद केली की चालायला लागते, अशी त्याची श्रद्धा आहे. दुसऱ्याच दिवशी त्याने खिडकीपाशी माझ्यासाठी टेबल लावलं, दिव्याची वायर बदलली, आणि टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट करायला दोन दिवस घेतले. तेवढे दिवस मी स्वयंपाकघरात बसून विषयाचा विचार केला.

तिथेच शेजारच्या वहिनी आल्या. या वहिनींना आमच्या इमारतीत 'पीएचडीच्या आई' म्हणतात. त्यांची मुलगी नऊ वर्षं पीएचडी करते आहे, आणि या नऊ वर्षांत वहिनी इतक्या तयार झाल्या आहेत की पदवी द्यायचीच झाली तर त्यांनाच द्यावी.

"विषय अरुंद घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या मुलीचा विषय इतका अरुंद आहे की त्यात तिच्याशिवाय कुणी मावतच नाही."

"तिचे सर?"

"तेही बाहेरच उभे असतात."

विषय माझ्याजवळ होता. आमच्या इस्पितळात माणूस बरा होतो, डॉक्टर 'घरी न्या' म्हणून लिहून देतात, आणि न्यायला कुणी येत नाही. खाट अडते, डॉक्टर चिडतात, मग फाइल माझ्या टेबलावर येते. मी फोन करते, घरी जाऊन धडकते, चहा पिते, भांडते, समजूत घालते आणि माणूस घरी पोचवते. सव्वीस वर्षं मी हेच केलं. म्हणून मी कागद पुढे ओढला आणि पहिलं वाक्य लिहिलं : 'बरे झालेले रुग्ण घरी जात नाहीत, कारण त्यांना न्यायला कुणी येत नाही.'

वहिनींनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, हे तर मला कळलं!"

"मग?"

"मला कळून कसं चालेल?"

त्यानंतर दोघींनी बसून ते वाक्य दुरुस्त केलं. तासाभराने ते असं झालं : 'उपचारपूर्तीनंतर रुग्ण-घटकाच्या स्वगृही पुनःस्थापनेत आप्त-घटकांकडून होणारा विलंब हा बहुपदरी स्वरूपाचा असल्याचे निदर्शनास येते.' नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गळती कुठे आहे?" वहिनी म्हणाल्या, "आता बरोबर झालं."

मग नीतिमत्ता समिती. माणसांवर संशोधन करायचं तर आमच्याकडे या समितीची परवानगी लागते, आणि ती योग्यच गोष्ट आहे. समितीत मोठमोठे लोक आहेत. पण ते तीन महिन्यांतून एकदा भेटतात. बाकीचे एकोणनव्वद दिवस समिती म्हणजे तिचे कारकून. चष्मा कपाळावर आणि नजर त्याच्याही वर, असे गृहस्थ. मी त्यांच्यापुढे तीन प्रतींत अर्ज ठेवला.

"रुग्णांची संमतिपत्रं लागतील," ते म्हणाले.

"आणते."

"नातेवाइकांचीही."

"नातेवाईक येत नाहीत. तोच तर माझा विषय आहे."

"सहीशिवाय चालणार नाही."

"अहो, पण जे येतच नाहीत त्यांची सही मी आणू कशी?"

त्यांनी थोडा विचार केला. चष्मा डोळ्यांवर घेतला. माझ्यासाठी काहीतरी करायची त्यांची मनापासून इच्छा होती, हे मला दिसत होतं. "मग असं करा मॅडम," ते म्हणाले, "जे येतात त्यांच्यावर संशोधन करा."

याला दोन आठवडे गेले. शेवटी नातेवाईक हे 'सहभागी' नसून 'संदर्भ' आहेत, आणि संदर्भाला सही लागत नाही, यावर तोड निघाली. पण अर्जात आणखी एक रकाना होता : 'या संशोधनामुळे सहभागी व्यक्तीस कोणती इजा संभवते?' मी घरी बसून तो भरत होते. नवरा मागून म्हणाला, "कागदाने बोट कापू शकतं." मी हसत हसत ते लिहिलं, आणि मग खोडायला विसरले. समितीने माझ्या प्रामाणिकपणाबद्दल समाधान व्यक्त करून परवानगी दिली. अटी दोन. एक, मुलाखतीच्या वेळी प्रथमोपचाराची पेटी जवळ बाळगावी. दोन, सहभागी रुग्णांच्या केसपेपरवर समितीची पिवळी चिठ्ठी चिकटवावी.

अशा रीतीने आठशे खाटांच्या इस्पितळात, जिथे दर दहा पावलांवर एक नर्स उभी आहे, तिथे मी कापूस आणि पट्ट्यांची पेटी घेऊन फिरायला लागले. एक्स-रेची खोली आमच्या विभागाला लागूनच असल्यामुळे लोक आधीही दार ढकलून 'श्वास रोखून धरायचा का?' असं मला विचारायचे. आता ते जखमाही दाखवायला लागले.

रुग्ण मी सहा निवडले. पाच जणांनी संमतिपत्रावर न वाचता सही केली. सहावे खाट नंबर चौदावरचे. उंच, वाळलेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ते आता जुळलं होतं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हे काम. वॉर्डात सगळे त्यांना प्रूफवाले काका म्हणत. आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं होतं, आणि मुलाचा म्हणून जो फोन नंबर त्यांनी दिला होता तो लागत नव्हता.

काकांनी संमतिपत्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "लाल पेन आहे का?"

"सहीला निळं चालतं, काका."

"सहीला नाही. 'सहभागी'ची गी तुम्ही ऱ्हस्व काढलीय. आणि 'स्वेच्छेने' या शब्दात च नाही. नुसतं 'स्वेछेने' आहे. असं कुणी स्वतःच्या इच्छेने करतं का?"

एका पानात त्यांनी सतरा चुका काढल्या आणि खाली सुंदर अक्षरात सही केली. ते पान मी समितीच्या कारकुनांकडे दिलं. त्यांनी सांगितलं, की संमतिपत्राच्या मजकुरात बदल झालेला असल्याने त्याला नव्याने मंजुरी घ्यावी लागेल. मी परत वॉर्डात गेले आणि काकांना चुकीच्या प्रतीवर सही करायची विनंती केली. त्यांनी ती केली. पण तोंड भिंतीकडे वळवून.

प्रश्नावली वहिनींनी तपासून दिली होती. चौदा प्रश्न. नातेवाईक आठवड्यातून किती वेळा फोन करतात, घर किती अंतरावर आहे, घरात खोल्या किती, संबंध 'अत्यंत समाधानकारक' ते 'अत्यंत असमाधानकारक' यांपैकी कुठे बसतात. काकांनी सगळ्यांची उत्तरं सरळ, नेमकी दिली. मुलगा एकच. घरी दोघंच. मुलाची नोकरी दिवसभराची. मी भराभर उतरवून घेतलं. खरं तर एरवी मी पहिल्याच आठवड्यात पत्ता घेऊन त्या मुलाच्या दारात जाऊन उभी राहिले असते. पण त्या दिवसांत मी संदर्भसूचीत होते. संदर्भसूचीत शिरलेला माणूस बाहेर कधी येईल, ते त्यालाही सांगता येत नाही. स्वल्पविराम आधी की वर्ष आधी, यावर मी आणि वहिनींनी एक अख्खा रविवार घालवला. वहिनींच्या मुलीला फोन लावला, तर ती रडायला लागली.

निबंध पाठवायला मी नियतकालिकं शोधायला लागले आणि भलतंच मोहोळ उठलं. रोज सकाळी ईमेलने पत्रं यायची : 'परम आदरणीय ज्येष्ठ शास्त्रज्ञ महोदय, आपला अप्रतिम निबंध स्वीकारताना आम्हास हर्ष होत आहे.' निबंध मी कुठेच पाठवला नव्हता. एक तर मत्स्यपालनाचं नियतकालिक होतं. त्यांना माझं मत्स्यपालनातलं योगदान मोलाचं वाटत होतं. सव्वीस वर्षांत मला इस्पितळात कुणी 'आदरणीय' म्हटलं नव्हतं, त्यामुळे ती पत्रं मी लगेच पुसून टाकली नाहीत, दोनदा वाचून मग पुसली. शेवटी वहिनींनी एक खरं, जुनं, नाव असलेलं नियतकालिक सुचवलं, आणि निबंध तिकडे गेला. शीर्षक सव्वा ओळीचं होतं. निष्कर्ष थोडक्यात असा, की विलंबाचं मुख्य कारण म्हणजे नातेवाइकांनी जबाबदारी टाळणं. 'रुग्ण क' हे मी सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून दिलं होतं. 'रुग्ण क' म्हणजे खाट नंबर चौदा.

नियतकालिकाच्या अंकात एक लेख कमी पडत होता म्हणून की काय, चार आठवड्यांत उत्तर आलं. माझा निबंध नाव झाकून दोन समीक्षकांकडे गेला होता. पहिल्या समीक्षकांना तो आवडला होता. फक्त त्यात सात संदर्भ घालावेत असं त्यांनी सुचवलं होतं, आणि सातही एकाच लेखकाचे होते. तो लेखक कोण असेल हे ओळखायला पीएचडी लागत नाही.

दुसऱ्या समीक्षकांनी दोनच वाक्यं लिहिली होती. 'भाषा व शुद्धलेखन तपासून घ्यावे. लेखिकेचा रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध आला असावा, असे निबंधावरून वाटत नाही.'

मी ते वाक्य उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. माझा रुग्णांशी संबंध आला नाही! ज्या बाईने लोकांच्या सुनांशी त्यांच्या सासवांच्या वतीने भांडणं केलीत, जिच्या अंगावर एका घरी कुत्रं आणि दुसऱ्या घरी जावई सोडलाय, तिचा संबंध नाही! नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो उठून टेबलाचा पाय पुन्हा तपासायला लागला. हे वाईट लक्षण होतं. वहिनी म्हणाल्या, "दुसरा समीक्षक हा असाच असतो. आमच्या मुलीच्या दुसऱ्या समीक्षकाला ती स्वप्नात ओरडते."

तरी शुद्धलेखनाचं काम होतंच, आणि ते करणारा माणूस माझ्या ओळखीचा होता. काका अजून चौदा नंबरवरच होते. सातवा आठवडा. मी त्यांच्या हातात निबंध आणि लाल पेन दिलं. त्यांच्या तोंडावर जो आनंद फुलला, तो पाहून मला वाटलं, की याची नोंद औषधात व्हायला हवी.

दोन दिवसांनी गेले. एकोणीस पानं लाल झाली होती. आणि अकराव्या पानावर, 'मुलाने जबाबदारी टाळली' या वाक्यापुढे, समासात लिहिलं होतं : 'चूक.'

"यात कुठे ऱ्हस्व-दीर्घ आहे?" मी विचारलं.

"ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. मजकूर चूक आहे."

"म्हणजे?"

"रुग्ण क मीच ना? माझा मुलगा काही टाळत नाही. दर रविवारी येतो तो. मीच त्याला सांगतो, की डॉक्टरांनी अजून सोडलं नाही."

रविवारी माझी सुट्टी असते. "आणि तो फोन नंबर?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "शेवटचे दोन आकडे उलटे दिले," ते हळूच म्हणाले. "बेचाळीस वर्षांच्या नोकरीत इतरांच्याच चुका काढल्या. ही एक मी स्वतः केली. तीही जाणूनबुजून."

"पण काका, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमचे चौदा प्रश्न होते, ताई. चौदांचीही उत्तरं दिली. घरी जायचंय का, हा प्रश्न त्यात नव्हता."

मी तिथून उठले आणि तडक वॉर्डाच्या सिस्टरकडे गेले. सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवर वाकल्या होत्या.

"सिस्टर, चौदा नंबरचा मुलगा रविवारी येतो?"

"येतो की. उंचसा आहे. आठवड्याचे पेपर घेऊन येतो. काका त्यातल्या चुका काढतात, तो ऐकत बसतो."

"मला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही मला भेटींची मासिक सरासरी विचारली होती. ती मी दिली."

"आणि सात आठवडे बरा झालेला माणूस खाटेवर आहे, त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही?"

आता सिस्टरनी मान वर केली. "अहो ताई, आम्हाला वाटलं, तुम्हीच संशोधनासाठी ठेवलाय." असं म्हणून त्यांनी काकांचा केसपेपर माझ्यापुढे केला. त्यावर समितीची पिवळी चिठ्ठी होती. मी ती स्वतःच्या हाताने चिकटवली होती आणि एकदाही वाचली नव्हती. 'संशोधनात सहभागी. संशोधकास कळविल्याशिवाय हलवू नये.'

"डॉक्टर दर राउंडला ती चिठ्ठी बघतात आणि पुढच्या खाटेवर जातात," सिस्टर म्हणाल्या.

मी खुर्चीवर बसले. रुग्ण घरी जायला उशीर का होतो, यावर मी एकोणीस पानं लिहिली होती, आणि त्या उशिराचं एक कारण मी स्वतः होते. दुसऱ्या समीक्षकाला मी घरात जे काही बोलले होते ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं. बाकीच्या पाच जणांच्या फाइली मी त्याच पावली तपासल्या. चौघं आपापल्या घरी गेले होते, चिठ्ठीला न जुमानता. पाचव्या बाईंची चिठ्ठी मी नखाने खरवडून काढली, तेव्हा कागदाने माझं बोट कापलं. पेटी जवळ होती, हे समितीच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

पेन आणि वही विभागातच ठेवून मी परत काकांकडे गेले. स्टूल ओढून बसले.

"काका, घरी जायचंय का?"

"जायचंय," ते म्हणाले. "पण जाता येत नाही."

"का?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. तेरा नंबर झोपले होते. "घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये मी पडलो. सव्वा तास तिथेच पडून होतो. कुणी आलं नाही. आता तो जिना नुसता डोळ्यांपुढे आला तरी पाय लटपटतात. मुलाला काय सांगू? तुझा बाप जिन्याला घाबरतो म्हणून? तो बिचारा नोकरी सोडून घरी बसेल. नाहीतर घर विकायला काढेल."

सव्वीस वर्षांत मी पुष्कळ कारणं ऐकली होती. हे मला सुचलंही नसतं.

त्या रविवारी सुट्टी असूनही मी इस्पितळात गेले. मुलगा आला, चाळिशीचा, काकांसारखाच उंच, काखेत पेपरांचा गठ्ठा. मी त्याला व्हरांड्यात गाठलं. त्याला सगळं सांगितलं, माझ्या चिठ्ठीसकट. तो चिडला नाही. गठ्ठा बाकावर ठेवला आणि म्हणाला, "मला वाटायचं, डॉक्टर माझ्यापासून काहीतरी लपवतायत. सात रविवार मी रडकुंडीला येऊन घरी जातोय, ताई."

आता मात्र मलाच ताणतणावाच्या कार्यशाळेची गरज होती.

सोमवारपासून व्यायामोपचाराच्या बाईंना बरोबर घेऊन आम्ही इस्पितळाच्या मागच्या जिन्यावर सराव सुरू केला. पहिल्या दिवशी काका पहिल्या पायरीजवळ वीस मिनिटं उभे राहिले आणि तिथल्या सूचनाफलकातल्या चुका सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी तीन पायऱ्या. चौथ्या दिवशी त्यांनी कठडा घट्ट धरून, डोळे मिटून, मधला सपाट भाग गाठला. मुलगा ऑफिसातून अर्धा दिवस काढून आला होता. तो दोन पायऱ्या खाली, हात पसरून उभा होता.

"तू हात खाली घे," काका वरून ओरडले. "मला झेलायला उभा आहेस असं वाटतं."

"झेलायलाच उभा आहे, बाबा."

पुढची पायरी काकांनी डोळे उघडे ठेवून चढली. दहाव्या दिवशी ते घरी गेले. मुलाने तिसऱ्या मजल्याच्या वाटेवर दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून घेतला होता, आणि मधल्या वळणावर एक घंटी. कठडा कसा ठोकावा हे सांगायला माझा नवरा स्वतः जाऊन आला. तिथल्या पाण्याचा मीटरही त्याने उघडून, पुसून, बंद केला.

राहिला निबंध. तो मी नव्याने लिहिला. 'बरे झालेले रुग्ण घरी जात नाहीत' इथून सुरुवात केली, आणि पुढे जे घडलं ते सगळं लिहिलं : प्रश्नावलीत नसलेला प्रश्न, उलटे आकडे, पिवळी चिठ्ठी. काकांना आधी वाचून दाखवलं, त्यांची परवानगी घेतली. वहिनींनी वाचलं आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

"स्वतःची चूक लिहिलीत? छापायला? अहो, आमची मुलगी नऊ वर्षं—" एवढं बोलून त्या थांबल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी पुढे काही सल्ला दिला नाही.

निबंध छापून आला. दुसऱ्या समीक्षकांनी या वेळी एकच वाक्य लिहिलं होतं : 'आता लेखिका रुग्णांना भेटलेल्या दिसतात.' ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. पण संपादकांनी लेख 'शोधनिबंध' या सदरात न घेता 'अनुभव' या सदरात घेतला. परिषदेला फोन केला, तर तिथल्या बाईंनी नियमावली उघडून सांगितलं, की शोधाला बारा गुण आहेत, अनुभवाला पाच.

"सव्वीस वर्षांच्या?" मी विचारलं.

"कितीही वर्षांच्या, मॅडम. पाचच."

चोवीस झाले. नोंदणी संपायला पाच आठवडे उरले होते आणि सहा गुण कमी. मी टेबल आवरायलाच घेतलं होतं. तेवढ्यात परिषदेच्याच प्रशिक्षण विभागाने तो अनुभव वाचून मला पत्र पाठवलं : आमच्या कार्यशाळेत या चुकीवर व्याख्यान द्याल का? मी नियमावली काढून बघितली. व्याख्यात्याला सहा गुण होते. इतक्या घाईने मी आयुष्यात कुठल्याच पत्राला होकार दिला नाही.

व्याख्यानाला साठ जण होते. सगळे एका गुणासाठी आलेले. हे चेहरे मी चांगले ओळखते, त्यांच्यात मी एकोणीस वेळा बसलेय. प्रोजेक्टर चालला नाही. मी तो बंद करायला सांगितला आणि जसं घडलं तसं बोलत गेले. चिठ्ठीपर्यंत आले तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी एकदम उठली, माफ करा म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावला. "सिस्टर, बावीस नंबरच्या आजींना जरा विचारा ना," असं ती म्हणत होती. दार अर्धवट उघडं होतं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

अंक हातात आला होता त्याच रविवारी मी काकांना एक प्रत द्यायला गेले होते. तिसरा मजला चढून मला धाप लागली होती. मुलाने पाणी आणून दिलं. काकांनी खुर्ची उजेडाकडे ओढली आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. मी परीक्षेला बसल्यासारखी समोर बसले होते. एका ठिकाणी ते थांबले, ओळ परत वाचली, आणि अंक मिटला.

"चूक आहे?" मी धसकून विचारलं.

"आहे एक. पण ती राहू द्या."

"कोणती?"

"'रुग्ण क, वय चौऱ्याहत्तर.'"

आतून मुलाचा आवाज आला, "बाबा, शहात्तर!"

"तू चहा टाक," काका म्हणाले, आणि अंकावरून हात फिरवत माझ्याकडे वळले. "छापून आलंय ना, ताई? मग आता तेच खरं."